चौदा इंची ऊब

"जो समाज आपलं लेबल स्वतः निवडत नाही, त्याला दुसरे लोक लेबल लावून मोकळे होतात," असं गिरीश खांबेटेने सप्टेंबरातल्या एका सकाळी, स्लाऊमधल्या आपल्या डायनिंग टेबलाशी बसून, उजवा हात किंचित वर करून जाहीर केलं.

समाजातर्फे त्या वेळी एकटी सुचेता हजर होती. तिच्या ओठांत चार टाचण्या होत्या, त्यामुळे तिला या विचाराचं तोंड भरून स्वागत करता आलं नाही. तिने नुसत्या भुवईने नवऱ्याच्या डाव्या कोपराकडे खूण केली. उजवा हात समाजासाठी वर गेला तेव्हा डावं कोपर कापून ठेवलेल्या मोरपंखी खणावर टेकलं होतं, आणि त्या कोपराला टोस्टवरचं मार्मलेड लागलेलं होतं. विचार तिथेच सोडून गिरीशला सिंककडे जावं लागलं.

प्रकरण खरं म्हणजे एवढंसंच होतं. विलायतेतली दिवाळी थंडीत येते. मराठी आया हौसेने लेकींना परकर-पोलकं घालतात, दार उघडतात, वारा लागला की तिथल्या तिथे वरून फुगीर जॅकेट चढवतात, आणि पुण्याच्या आजीला व्हॉट्सअ‍ॅपवर जो फोटो जातो त्यात एक गादी आणि गादीखाली दोन इंच काठ एवढंच दिसतं. सुचेताने यावर तोड काढली होती. खणाचं परकर-पोलकं, आतून फ्लीसचं उबदार अस्तर, आणि परकराला दोन्ही बाजूंनी खरे, हात जातील असे खिसे. नाव तिने तीन वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलं होतं : ऊब. यंदा तिने छत्तीस जोड शिवायला घेतले होते आणि ईलिंगमध्ये होणाऱ्या मराठी मंडळाच्या दिवाळी मेळ्यात स्टॉल घेतला होता.

त्या छत्तीस जोडांवर बरंच काही टांगलेलं होतं. सुचेता ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका गोदामात नऊ वर्षं काम करत होती. लोकांनी ऑनलाइन मागवून, घालून बघून, नाकं मुरडून परत पाठवलेले कपडे तिच्या काउंटरवर येत. पाकीट उघडायचं, परत का पाठवलं ते वाचायचं, घडी घालायची, पुढचं पाकीट. आता तिला टीम लीडर होशील का म्हणून विचारलं होतं. कायमची पहाटेची शिफ्ट. उत्तर द्यायचं होतं मेळ्यानंतरच्या सोमवारी. सुचेताने ठरवून टाकलं होतं. छत्तीसच्या छत्तीस गेले, तर सोमवारी नाही म्हणायचं आणि घरी मशीनवर बसायचं. उरले, तर हो म्हणायचं आणि मशीनवर कव्हर घालायचं.

आता यात गिरीश कुठून आला? तर तो घरातच होता. हीच अडचण होती.

गिरीश बावीस वर्षं एका विमा कंपनीत कम्प्लायन्स मॅनेजर होता. म्हणजे लोक जे करत ते नियमात बसतं का, हे बघून सही करायची. त्याच्या सहीशिवाय त्या कंपनीतून पेन्सिलसुद्धा बाहेर जात नसे. एप्रिलमध्ये तो स्वतःच बाहेर गेला, तेव्हा मात्र कागदावर सही दुसऱ्याच कोणाची तरी होती. तेव्हापासून त्याने घरात लक्ष घातलं. मसाल्याच्या डब्यांवर तारखा टाकल्या. कुठल्या आठवड्यात कचऱ्याचा कुठला बिन बाहेर काढायचा त्याचा तक्ता करून, तो लॅमिनेट करून, बिनलाच चिकटवला. सुचेता रवा कुठल्या डब्यात आहे ते आता त्याला विचारून मगच उपमा करू शकत असे. तेव्हा ऑगस्टअखेरीस तिने, थोडी कणव म्हणून आणि थोडं स्वयंपाकघर वाचावं म्हणून, सहज म्हटलं, "गिरीश, लेबलचं तेवढं तू बघशील का?"

त्या 'तेवढं'चं काय झालं, ती ही हकिकत.

लेबल लागणारच होतं. मंडळाच्या स्टॉलच्या नियमावलीत कलम सात-ब असं सांगतं की विक्रीच्या प्रत्येक कपड्यावर, जोड असेल तर जोडातल्या एकावर, नाव आणि धाग्याची माहिती देणारं लेबल असल्याशिवाय तो टेबलावर ठेवता येणार नाही. स्टॉलचं काम बघणाऱ्या नीनाला गिरीशने फोन करून विचारलं की इतका जाचक नियम कोणी केला. नीना म्हणाली, "तूच रे. तीन वर्षांपूर्वी. आम्ही सगळे नको म्हणत होतो." गिरीशने आठवून पाहिलं आणि नियम एकंदरीत योग्य आहे असं त्याचं मत झालं.

त्याने फाइल उघडली. पहिल्याच दिवशी त्याला कळलं की लेबल ही गोष्ट वाटते तितकी सपाट नसते. विणलेलं असतं, छापलेलं असतं, सॅटिनचं असतं, सुती असतं, मधोमध दुमडलेलं असतं, दोन्ही टोकांना दुमडलेलं असतं. एवढं सगळं आपल्या मानेमागे अठ्ठावन्न वर्षं चाललं होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, या जाणिवेने तो हलला. लेस्टरच्या एका कंपनीकडून त्याने सात प्रकारचे नमुने मागवले. नमुने आले. प्रश्न असा की यातलं टोचणार नाही असं कोणतं? यावर कोणीही माणूस बोटाने चाचपून बघेल. गिरीश कोणीही माणूस नव्हता. त्याने सातही लेबलांवर एक ते सात आकडे घातले, आपल्या बनियनला आतून, मानेपासून कमरेपर्यंत, सेफ्टी पिनांनी ती टाचली, आणि दिवसभर वावरून दर तासाला वहीत नोंद करायची ठरवली. सुचेताने दारातून निघताना विचारलं की आज दुसरं काही काम नाही ना. तो म्हणाला, नाही.

दुसरं काम होतं. अकरा वाजता सर्जरीत, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यात, त्याची ब्लडप्रेशरची अपॉइंटमेंट होती.

नर्स प्रेमळ बाई होती. शर्ट काढा म्हणाली. गिरीशने काढला. पट्टा बांधताना बनियनमधून आकडे लिहिलेली सात लेबलं आणि चौदा पिना तिला दिसल्या, तसा तिचा आवाज एकदम संथ आणि मोठा झाला. घरी तुमच्याबरोबर कोण असतं, असं तिने विचारलं. बायको असते, पण ती कामावर जाते, असं गिरीशने सांगितलं. ही लेबलं बायकोने लावली का? नाही, मी स्वतः लावली. बरं, मग यावर तुमचं नाव नाही का लिहायचं? गिरीश म्हणाला, नाव नंतर येणार आहे, आधी टोचतं का ते बघतोय. नर्सने त्याचा हात हातात घेतला आणि आज कुठला वार, कुठला महिना, असं विचारत विचारत पंतप्रधान कोण यावर आली. इथे गिरीश क्षणभर थांबला. गेल्या काही वर्षांचा अनुभव असलेला कोणीही शहाणा माणूस या प्रश्नाला उत्तर देण्याआधी क्षणभर थांबेल. पण नर्सने काहीतरी लिहून घेतलं. दुपारी सुचेताला कामावर फोन आला. ब्लडप्रेशर अर्थातच जास्त निघालं.

असो. पाच नंबरचं लेबल निर्विवाद मऊ निघालं. त्याला गिरीशने वहीत दहापैकी साडेनऊ दिले. अर्धा गुण पिनेचा कापला.

एवढ्यावर त्याने थांबायला हवं होतं, असं आपण म्हणू. पण नियमात बसवायचं म्हणजे आधी नियम पाहिजे, म्हणून त्याने कौन्सिलला फोन लावला. चाळीस मिनिटं होल्डवरची बासरी ऐकल्यावर एक बाई आल्या. कापड कशाचं आहे ते टक्क्यांत लिहिलंच पाहिजे, बाकी धुण्याच्या खुणा टाकल्यात तर उत्तम, असं त्यांनी सांगितलं आणि बोलता बोलता त्याला दोनदा 'लव्ह' म्हणाल्या. टक्के हा शब्द कानावर पडताच गिरीशच्या अंगात बावीस वर्षं संचारली. फ्लीसचं ठीक होतं, ती सगळी पॉलिएस्टर. खणाचं काय? पुण्याच्या दुकानदाराने प्युअर कॉटन म्हणून दिला होता, पण ते त्याने गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत न बघता सांगितलं होतं, हे गिरीशला आता आठवलं. सुती धाग्याची राख होते आणि पॉलिएस्टरची गोळी होते, असं वाचून त्याने खणाचा तुकडा चिमट्यात धरून गॅसवर नेला.

खांबेट्यांच्या घरातला स्मोक अलार्म फोडणी पडली की वाजतो, आणि शेजारचा परीक्षित त्यावरून आज काय भाजी आहे त्याचा अंदाज बांधतो. परीक्षित नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, घरून काम करणारा. त्या दिवशी अलार्म वाजला पण मोहरीचा वास आला नाही, म्हणून तो अनवाणी धावत आला. दोघांनी मिळून टॉवेल फडकवून अलार्म शांत केला आणि चिमट्याकडे पाहिलं. चिमट्यात गोळी होती.

गिरीशने पुण्याला फोन केला. दुकानदार म्हणाला, कॉटन आहेच की त्यात. किती आहे? भरपूर आहे. शेवटी चार दिवसांनी गिरणीच्या चिठ्ठीचा फोटो आला : साठ टक्के कॉटन, चाळीस टक्के पॉलिएस्टर.

परीक्षितचा मात्र या विषयात रस वाढला. चहा पिता पिता त्याने सुचवलं, "गिरीशदादा, एवढं कायले लिहिता बाप्पा? क्यूआर कोड टाका ना. लोक फोन धरतील, सगळं दिसंल." गिरीशने त्याला विचारलं की पोरगी अंगात पोलकं घालून पळत असताना तिच्या पाठीला फोन कसा धरणार? परीक्षित म्हणाला, तिला उभं करायचं. पोरीला उभं करता आलं असतं तर फोटोसाठीच नसतं का केलं, या मुद्द्यावर चर्चा संपली, पण जाता जाता तो बी पेरून गेला. "धुण्याचं नीट लिहून ठेवा हं दादा. नाही तर लोक कशातही टाकतात आणि मंग तुमच्या नावानं बोंबलतात."

हे गिरीशला पटलं. धुण्याच्या त्या खुणा, म्हणजे ती घमेली, त्रिकोण आणि फुल्या, त्याला कधीच समजल्या नव्हत्या. चौकोनात गोल म्हणजे ड्रायर, हे समजायला माणूस कुठल्या घराण्यात जन्मावा लागतो? त्यापेक्षा स्वच्छ मराठीत, खाली इंग्रजीत, चार ओळी लिहाव्यात. गिरीश पुण्यात जिथे वाढला तिथे जिन्याच्या वळणावर, बेलशेजारी, नळावर आणि झाडावरसुद्धा सूचना लावलेली असे. सूचना लिहिताना तिच्यावर उद्या कोण काय शंका काढेल याचं उत्तर त्याच सूचनेत देऊन ठेवायचं, ही शिस्त त्याच्या हाडात होती, आणि विमा कंपनीने त्या शिस्तीला बावीस वर्षं पगार दिला होता. चार ओळींची कलमं झाली.

'॥ श्री ॥' हे तर लग्नपत्रिकेपासून गॅसच्या पुस्तकापर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर असतंच, ते आलं. खाली मोठ्या अक्षरात 'ऊब'. मग :

'१. हा कपडा थंड पाण्यात धुवावा. थंड म्हणजे थंड. 

२. इस्त्री उलट बाजूने करावी. उलट बाजू कोणती हे कपड्याकडे बघून ठरवावे. फोन करू नये.

३. ड्रायरमध्ये घालू नये. घातल्यास कपडा धाकटीला होईल. धाकटी नसल्यास आमचा नाइलाज आहे.

४. खिसे हात घालण्यासाठी आहेत. अर्धे खाल्लेले चॉकलेट ठेवण्यासाठी नाहीत.

५. यावर जॅकेट घालू नये. जॅकेटच घालायचे होते तर हा घेतला कशाला?'

आणि सर्वांत खाली कापडाचे टक्के. प्रत्येक ओळीखाली तीच ओळ इंग्रजीत.

रविवारी ब्रिस्टलहून लेकीचा, आर्याचा, व्हिडिओ कॉल आला. ती विमानाचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे आणि इथेच जन्मल्यामुळे तिचं मराठी आपल्या मापाने चालतं. तिने मजकूर वाचला आणि म्हणाली, "बाबा, लेबल छोटी पाहिजे. लोकं वाचत नाही. आमच्या विंगचा लेबल पण एवढा मोठा नाही." विमानाच्या पंखाला लोक ड्रायरमध्ये घालत नाहीत, असं गिरीशने तिला शांतपणे समजावलं. आर्याने आईकडे बघितलं. सुचेता मशीनवर होती. ती एवढंच म्हणाली की मऊ असू दे, आणि बोटभर असू दे. गिरीश म्हणाला, "मऊपणाची चाचणी झालेली आहे." हे खरं होतं. बोटाबद्दल तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने पाच नंबरच्या जातीत ऑर्डर नोंदवली. लेस्टरहून उत्तर आलं. आपला मजकूर वाचता येईल अशा अक्षरात बसवायचा तर लेबल चौदा इंच होतं. पाच नंबरची मऊ जात चार इंचांपलीकडे विणता येत नाही. चौदा इंचांत आमच्याकडे एकच जात आहे, ती आम्ही घोड्यांच्या ब्लँकेटना पुरवतो. घोड्यांकडून आजवर तक्रार नाही. मान्य असल्यास 'अप्रूव्ह्ड' असं लिहून कळवावं.

इथे एका माणसाला समजून घ्यायला हवं. एप्रिलपासून कोणीही गिरीशकडे मान्यता मागितली नव्हती. घरात रव्याची मागत, पण ती तोंडी. त्याने मजकुराकडे पाहिलं. पाच कलमांतलं कुठलंही एक काढून टाकणं म्हणजे उद्याच्या एका भांडणाला दार उघडं ठेवणं होतं. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि दोन बोटांनी टाइप केलं : अप्रूव्ह्ड. खाली पूर्ण नाव आणि तारीख. त्या रात्री त्याला फार छान झोप लागली.

लेबलं मेळ्याच्या आधीच्या गुरुवारी आली. पाचशे, कारण त्याहून कमी विणत नाहीत. सुचेता कामावरून येऊन हात धूत होती. गिरीशने खोक्याला हळद-कुंकू लावलं, ते उघडलं, आणि एक लेबल तबकात ठेवून तिच्यासमोर धरलं. लेबल तबकात मावलं नाही. दोन्ही बाजूंनी खाली लोंबलं.

सुचेताने ते उचललं. टेबलावर सगळ्यांत वर दोन वर्षांच्या मुलीचं पोलकं होतं, डाळिंबी रंगाचं. त्या पोलक्याची उंची अकरा इंच होती. तिने लेबल गळ्याशी धरलं आणि सोडलं. ते पोलक्याच्या आतून खाली आलं, पोलकं संपलं तरी येत राहिलं, आणि शेवटी खाली शेपटीसारखं लटकलं. शेपटीवर कलम पाच होतं.

मग तिने अंगठा आणि बोट यांच्यामध्ये लेबलाचा काठ धरून एकदा चोळला. नऊ वर्षांत असे काही लाख काठ तिने चोळले असतील.

"अहो," सुचेता म्हणाली.

तीस वर्षांच्या संसारात ती त्याला गिरीश आणि तू म्हणत आली होती. 'अहो' आजवर तीनदा झालं होतं. तिन्ही वेळा पाहुणे गेल्यानंतर.

"माझ्याकडे रोज दोनशे कपडे परत येतात. प्रत्येकावर कारण लिहिलेलं असतं. सगळ्यांत जास्त वेळा काय लिहिलेलं असतं, ते तुम्ही कधी विचारलंत?"

गिरीशने विचारलं नव्हतं. लेस्टरला विचारलं होतं, कौन्सिलला विचारलं होतं, पुण्याला विचारलं होतं, पिनांच्या सात जोड्यांना विचारलं होतं. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मात्र विचारायचं राहून गेलं होतं. त्याने आता विचारलं.

"टोचतं," सुचेता म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. चहा तिने एकच कप ठेवला.

गिरीशने खोकं पुढे ओढून हिशोब मांडला. शनिवारी सकाळी कलम सात-ब नीनाच्या रूपाने टेबलापाशी येणार होतं. नवीन लेबलं दोन दिवसांत येत नव्हती. लेस्टरला त्याने विचारून घेतलं. सुचेताला शुक्रवारची सुट्टी मिळत नव्हती. म्हणजे लेबलाशिवाय छत्तीस जोड घरी राहणार, किंवा शेपट्यांसकट जाणार, आणि दोन्ही वाटांनी सोमवारची पहाटेची शिफ्ट येणार. आणि ती शिफ्ट आपण अप्रूव्ह केलेली असणार, आपल्या पूर्ण नावानिशी. हे त्याला टोचलं. घोड्याच्या ब्लँकेटपेक्षा जास्त.

तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि म्हणाला, "सुई-दोरा कुठे असतो, आणि मी काय करू, एवढं सांग. सूचना तू द्यायच्यास."

सुचेताने हात पुसले. मग लेबल हातात घेऊन चार वाक्यांत सांगितलं. वरचं 'ऊब' कापून घे, खालचे टक्के कापून घे, मधलं सगळं काढ. कापलेले काठ आत दुमड. आणि गळ्याला अजिबात लावायचं नाही. परकराच्या खिशाच्या तोंडाशी, बाहेरून, म्हणजे अंगाला लागणारच नाही.

"मधलं सगळं?" गिरीशने विचारलं.

"सगळं."

शुक्रवारी सकाळी सातला ती गेली आणि तो बसला. आयुष्यात त्याने एक बटण लावलं होतं, तेही शर्टाबरोबर बनियनला. पहिल्या लेबलाला पन्नास मिनिटं लागली आणि ते लावून झाल्यावर कळलं की खिसा शिवला गेलाय. त्याने उसवलं. दुसऱ्याला चाळीस. परीक्षित बिनचा तक्ता विचारायला आला, तर त्याला सुईत दोरा ओवण्याचं काम मिळालं. क्यूआर कोडवाला माणूस, पण सुईचं नाक त्याला अकराव्या प्रयत्नात सापडलं. मध्ये एकदा लेस्टरहून आपण समाधानी आहात का, तारे द्या, असा मेसेज आला. गिरीशने फोन उशीखाली ठेवला. जेवण उभ्याने झालं. प्रत्येक लेबलातून पाच कलमं कापून बाजूला पडत होती, आणि प्रत्येक वेळी वरचा काप देऊन खालच्या कापाकडे जाताना कलम तीनपाशी त्याचा हात किंचित थांबत होता, कारण कलम तीन खरंच चांगलं होतं. पण हात थांबला तरी कात्री थांबली नाही.

सुचेता साडेपाचला आली. टेबलावर छत्तीस परकर, छत्तीस खिसे, छत्तीस 'ऊब'. पहिली काही लेबलं चढावर निघाल्यासारखी तिरकी होती, मधली सपाटीवर आली होती. गिरीशच्या आठ बोटांना बँड-एडच्या पट्ट्या होत्या. तिने एकेक खिसा उलटून बघितला, आत हात घालून बघितला. शेवटच्या परकराशी थांबली.

"हा टाका सरळ आलाय," ती म्हणाली. "चहा घेतोस ना?"

शनिवारी ईलिंगच्या हॉलमध्ये नीना नियमावली घेऊन आली. तिने अंगठ्याने लेबल चाचपलं, टक्के वाचले, आणि गिरीशला म्हणाली की सात-बमध्ये बसतंय, तुझ्यामुळे बसवावं लागलं हे वेगळं. मग दारं उघडली. पहिलीच पोरगी, चारेक वर्षांची, परकर घालून खिशात हात घालून जी उभी राहिली, ती आजीला नमस्कार करायलाही हात बाहेर काढेना. तिला बघून दुसरी आली. आया एकमेकींना खिसे दाखवू लागल्या, आणि एक बाई तर आपल्या मापात आहे का म्हणून विचारू लागली.

मधली कलमं वाया जाऊ नयेत म्हणून आर्याने, जी सकाळच्या ट्रेनने ब्रिस्टलहून आली होती, कागदी पिशव्यांची तोंडं त्या पट्ट्यांनी बांधली. थोड्याच वेळात हॉलच्या चारी कोपऱ्यांतून लोक पिशवीची गाठ सोडून वाचत आणि हसत होते. एका आईने गिरीशजवळ येऊन कलम तीन मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाली, "काका, किती विनोदी लिहिता हो तुम्ही."

"ते विनोदी नाही," गिरीश म्हणाला. "ते नियम आहेत."

ती आणखी हसली आणि धाकटीसाठीही एक जोड घेऊन गेली. गिरीशला अपमान वाटावा की काय, हे ठरेना. ठरवायला वेळही नव्हता, कारण टेबलावर चार जोड उरले होते, मग दोन, आणि अडीच वाजता डाळिंबी पोलक्यात एक दोन वर्षांची मुलगी दुडदुडत निघून गेली, शेपटीशिवाय.

टेबल रिकामं झालं. सुचेताने टेबलावरची चादर हाताने सारखी केली. "सोमवारी मी नाही म्हणून सांगतेय," ती म्हणाली. गिरीशने मान डोलावली. आर्याने आईला मिठी मारली, ती इंग्रजीत. मग सुचेताने टेबलाखालून एक पिशवी काढली आणि गिरीशच्या हातात दिली. आत मोरपंखी खणाची बंडी होती, आतून फ्लीस, दोन खिसे. पुढच्या बाजूला काठाजवळ अगदी पुसट, मार्मलेडचा डाग होता.

त्याने उलटून पाहिलं. आत, गळ्यापासून खाली पाठीभर, चौदाच्या चौदा इंच लेबल शिवलेलं होतं. श्री, ऊब, पाचही कलमं मराठीत आणि इंग्रजीत, शेवटी टक्के. एकही अक्षर कापलेलं नव्हतं.

"पूर्ण लेबल मावेल असं आपल्या घरात एकच माप होतं," सुचेता म्हणाली.

गिरीशने बंडी तिथेच घालायला घेतली. त्याने शर्टावरून घालावी की नाही असा विचारही केला नाही. हॉलमध्ये हीटर जोरात होते म्हणून मागे जाऊन शर्ट काढला आणि पातळ बनियनवर बंडी चढवली. नीनाने सगळ्या स्टॉलवाल्यांना आभारप्रदर्शनासाठी स्टेजवर बोलावलं. गिरीश बायकोशेजारी ताठ उभा राहिला. लोक टाळ्या वाजवत होते, पहिल्या रांगेत चार पोरी खिशात हात घालून उभ्या होत्या, आणि एप्रिलनंतर प्रथमच आपण कुठल्या तरी गोष्टीचा भाग आहोत असं त्याला वाटत होतं.

नीनाचं आभारप्रदर्शन मंडळाच्या स्थापनेपासून सुरू झालं. पाच मिनिटं गिरीश हलला नाही. सातव्या मिनिटाला त्याने एक खांदा किंचित वर केला आणि लगेच खाली घेतला. नवव्या मिनिटाला, कलम एक साधारण जिथे येतं तिथे, त्याने पाठ पडद्याच्या खांबाला टेकवली आणि सावकाश, कोणाच्या लक्षात येणार नाही अशी, वर-खाली केली. हे घोडे करतात. तो निग्रहाने समोर बघत होता. सुचेताही समोरच बघत होती, पण तिच्या गालाला खळी पडलेली त्याला बाजूने दिसली.

नीना हॉल देणाऱ्यांवर आली, तेव्हा कलम पाच कमरेशी पोचलं होतं. गिरीश बायकोच्या कानाशी वाकला.

"सुचेता," तो म्हणाला, "तुझ्याकडे ती छोटी कात्री आहे का गं?"